डोंगरावर थांबलेला राजा

सुरुवात एका पितळेच्या क्रॉसवरनं झाली. मी कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहे, म्हणजे फाउंड्रीत जो पार्ट ओतायचा असतो त्याचा लाकडी नमुना आधी आम्ही करतो, मग त्याच्यावर वाळू ठासून साचा होतो. वडीलही हेच करायचे. रात्री जेवण झालं की मोबाईलवर जुनी ओतकामं बघत बसायची सवय आहे मला, तोफा, देवळातल्या घंटा, चोळांच्या मूर्ती, काहीही. तसंच बघता बघता एका म्युझियमच्या साईटवर हा क्रॉस दिसला. वीतभर उंचीचा असेल. येशूचा चेहरा आफ्रिकन माणसाचा, डोळे बदामासारखे मोठे, बरगड्या नुसत्या रेघा ओढून दाखवलेल्या, आणि वरच्या कडेवर, खाली पायाशी बोटाच्या पेराएवढी माणसं हात जोडून बसलेली. पाठीमागचा फोटो पण होता आणि पाठ सपाट होती. आमच्या धंद्यातला कुणीही ते बघून ओळखेल की हे उघड्या साच्यात ओतलंय, मातीत आकार दाबायचा आणि वरनं रस सोडायचा, वरची पेटी ठेवायचीच नाही. खाली लिहिलं होतं, काँगो राज्य.

मला आधी वाटलं गोऱ्या पाद्र्यांनी युरोपातनं आणलेलं काहीतरी असेल. पण नाही, तिथल्याच ओतारींनी तिथंच ओतलेलं. मग वाचायला लागलो आणि वाचता वाचता त्या राजापाशी येऊन थांबलो ज्याच्याबद्दल आज लिहितोय. पेद्रो चौथा. गेले दोन महिने घरात, कारखान्यात, चहाच्या गाड्यावर याच माणसाबद्दल बोलतोय मी, कारण मला तो पटतही नाही आणि सुटतही नाही.

आधी थोडं राज्याबद्दल. हे काँगो म्हणजे आजच्या अंगोलाचा उत्तर भाग आणि त्याला लागून काँगो नदीकाठचा मुलूख. राजधानी मबांझा काँगो, पोर्तुगीज तिला साओ साल्वादोर म्हणायचे. तिथल्या राजानं १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरायच्या सात वर्षं आधी. कुणी जिंकून बाटवलेलं राज्य नव्हतं हे, स्वतःच्या राजीखुशीनं ख्रिश्चन झालेलं, लिहिणं-वाचणं शिकलेलं, रोमला वकील पाठवणारं राज्य होतं. पुढचा राजा अफोंसो यानं १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून तक्रार केली होती की तुमचे व्यापारी आमची माणसं, अगदी सरदारांची पोरं पण पळवून विकतायत. आणि चलन काय तर समुद्रातले बारके शंख, झिंबू. लुआंडाजवळच्या बेटावर बायका पाण्यात बुडी मारून वाळूतनं ते गोळा करायच्या. आमच्याकडं जोगतिणींच्या गळ्यात कवड्यांची माळ बघितली की मला आता तेच आठवतं.

तर हे राज्य फुटलं १६६५ मध्ये. आपल्याकडं पुरंदरचा तह झाला तेच वर्ष, जूनमध्ये पुरंदर आणि २९ ऑक्टोबरला तिकडं म्बुइलाची लढाई. पोर्तुगीजांच्या लुआंडाच्या फौजेशी लढताना काँगोचा राजा आंतोनियो पहिला मारला गेला. डोकं कापून लुआंडाला नेऊन पुरलं त्याचं. राजा तर गेलाच पण त्याच्याबरोबर दरबारातली मोठी मोठी माणसंही गेली, आणि तिथं राजा निवडून यायचा, थोरला मुलगा म्हणून आपोआप गादी मिळायची नाही, त्यामुळं निवडणारेच मेल्यावर जे व्हायचं ते झालं. दोन घराणी, किंपांझु आणि किन्लाझा, एकमेकांवर तुटून पडली. एक राजा बसायचा, दुसरा त्याला मारायचा, तिसरा पळून डोंगर गाठायचा आणि तिथनं आपणच खरा राजा म्हणून जाहीर करायचा. शेवटी १६७८ मध्ये साओ साल्वादोर लुटून जाळलं गेलं आणि लोक शहर सोडून गेले. जिथं डझनभर चर्च होती, जिथं सगळ्या राजांच्या कबरी होत्या, ते शहर ओस पडलं, झाडोरा वाढला.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट वाचताना आपल्या घरातलं काहीतरी वाचतोय असं वाटतं बघा. आपल्याकडंही दोन गाद्या. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले, ताराराणींनी पोराला गादीवर बसवून सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली, आणि १७०७ मध्ये तो गेल्यावर शाहू महाराज कैदेतनं सुटून आले. मग खेडची लढाई, मराठ्यांविरुद्ध मराठे. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक आणि ताराराणी पन्हाळ्यावर. १७१० पासून इकडं वेगळी गादी. मग १७१४ मध्ये इकडच्या गादीतही घरातल्या घरात उलथापालथ, ताराराणींच्या सवत राजसबाईंनी आपल्या पोराला म्हणजे संभाजींना बसवलं आणि ताराराणी पोरासकट कैदेत. शेवट १७३१ मध्ये वारणेचा तह, नदीच्या उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर. माझ्या आईचं माहेर वाळवा तालुक्यात, म्हणजे वारणेच्या पलीकडं, त्यामुळं मामा अजूनपण म्हणतो, तुमची कोल्हापूरची गादी, आमची साताऱ्याची. आता ते हसत म्हणतो पण कधीकाळी एका नदीच्या दोन काठांवरची सोयरी माणसं खरंच समोरासमोर उभी राहिली असतील.

आणि तारखा बघा किती जवळ आहेत. इकडं १७०७, १७१०, तिकडं १७०६, १७०९. ह्या माणसांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही, पण एकाच वेळी दोन्हीकडं भाऊबंद गादीसाठी भांडत होते.

आता पेद्रो. त्याचं घराणं आग्वा रोझाडा. बाप एका घराण्यातला, आई दुसऱ्या घराण्यातली, त्यामुळं दोन्हीकडचं रक्त. त्यांचं ठाणं किबांगू नावाच्या डोंगरावर. आधी त्याचा भाऊ आल्वारो तिथं राजा म्हणवून घ्यायचा, तो १६९५ मध्ये मेला आणि पेद्रो आला. पुढच्या वर्षी तो खाली उतरून ओस राजधानीत गेला, तिथं स्वतःचा राज्याभिषेक करून घेतला, आणि परत डोंगरावर निघून आला. कारण राहणार कसं? नदीच्या बाजूला बुलामध्ये किन्लाझांचा जुआँव दुसरा टपून बसलेला, तोही स्वतःला राजाच म्हणवणारा. समुद्राच्या बाजूला किंपांझु आणि त्यांच्या पाठीशी सोयोचा बलाढ्य सरदार. राजधानी सपाट माथ्यावर, तटबंदी पडलेली, माणूस नाही. तिथं मुक्काम ठोकला की दोन्हीकडनं मार.

जुलैमध्ये पोराला घेऊन पन्हाळ्याला गेलो होतो तेव्हा हे मला नीट कळलं. सज्जा कोठीपाशी उभे होतो, धुकं एवढं की खालचं काही दिसत नव्हतं, मध्येच वारा आला की खालची शेतं तेवढी हिरवी दिसायची आणि परत झाकायची. पोरानं विचारलं की राजा खाली कोल्हापुरात का राहत नव्हता, एवढ्या पावसात वर कशाला. मी म्हटलं, खाली कोण कधी येईल सांगता येत नव्हतं म्हणून. आपल्याकडंही तसंच ना, कोल्हापूरची गादी म्हणायचं पण राजधानी किती वर्षं पन्हाळ्यावरच होती, अठराव्या शतकाच्या शेवटाकडं कुठं ती खाली शहरात आली. अंबाबाईची मूर्तीसुद्धा धामधुमीत देवळाबाहेर लपवून ठेवलेली, ती १७१५ च्या दसऱ्याला परत बसवली. म्हणजे डोंगरावर राजा आणि खाली देवीविना देऊळ, हे चित्र आपल्या गावानंही बघितलंय. त्यामुळं पेद्रोला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वरनं खाली बघत बसलेल्या माणसाला खालच्यांपेक्षा जास्त दिसत असतं, आणि जास्त दिसलं की पाऊल उचलायला वेळ लागतो.

त्यानं काय केलं तर तो बोलत राहिला. हे मला त्याचं सगळ्यात आवडतं. त्या काळात दोन्ही घराण्यांत वडीलधाऱ्या बायकांचा शब्द चालायचा, किन्लाझांकडं आना आफोंसो द लेआँव ही म्हातारी राणी, किंपांझुंकडं सुझाना द नोब्रेगा. ताराराणी आणि राजसबाईंच्या गावातल्या माणसाला ह्यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. आना राणीनं शेवटी पेद्रोला मान्यता दिली, कापुचिन पंथाचे इटालियन पाद्री मध्ये फिरत होते, आणि हळूहळू बऱ्याच सरदारांनी कबूल केलं की ठीक आहे, राजा पेद्रो, पण राजधानी परत वसव. लोकांची एवढीच मागणी होती. राजा कोण ह्यापेक्षा राजधानीत राजा हवा, कबरींपाशी दिवा लागायला हवा.

मग पेद्रोनं दोन सरदार लोकांचे जथे देऊन पुढं पाठवले. फौज आणि कुणबी माणसं एकत्र, की जा, जवळ जाऊन राहा, शेतं करा, पाठोपाठ मी येतो. त्यातल्या एकाचं नाव पेद्रो कॉन्स्तान्तिन्यो दा सिल्वा, त्याला किबेंगा म्हणायचे. हे लोक जाऊन बसले वाट बघत. राजा डोंगरावरनं थोडा खाली आला, एवुलुलूला तळ टाकला, आणि परत थांबला. एक पेरणी गेली, दुसरी गेली. घरदार सोडून रानात येऊन बसलेल्या माणसाला राजा येतोय येतोय म्हणून किती दिवस सांगणार?

अशा वेळी माणसं देवाकडं वळतात. माफुता नावाची एक म्हातारी नदीत सापडलेला एक दगड घेऊन फिरायला लागली, म्हणायची हे येशूचं डोकं आहे, माणसांच्या वाईट वागण्यानं असं विद्रूप झालंय, राजानं डोंगर सोडून राजधानी वसवली नाही तर देव सगळ्यांना शिक्षा करणार. पाद्री म्हणाले हिला धरा. राजानं धरलं नाही. त्याची राणी इपोलिता हिचा तर तिच्यावर विश्वासच बसला होता.

आणि मग १७०४ च्या ऑगस्टमध्ये किंपा व्हिटा. हिच्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा जड होतो. किबांगूच्याच पंचक्रोशीतली, चांगल्या घराण्यातली, वीस वर्षांची पोर, बाप्तिस्म्याचं नाव बेआत्रिझ. लहानपणापासून तिला दिसायचं, अंगात यायचं, आपल्याकडं देवऋषी असतात तसं शिक्षणही झालेलं तिचं. ती आजारी पडली, मरायला टेकली आणि उठली ती संत अँथनी होऊन. म्हणजे ती मेली आणि तिच्या शरीरात आता संत अँथनी आहे असं ती सांगायची. होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि निघाली. दर शुक्रवारी ती मरायची, वर देवाकडं जाऊन राज्याबद्दल बोलायची आणि परत यायची. अंबाबाईच्या गावात राहणाऱ्याला अंगात येणं म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही, मी लहानपणापासून बघितलंय, आणि जिच्या अंगात येतं तिच्या डोळ्यात काय असतं तेही बघितलंय.

ती म्हणायची, येशूचा जन्म इथंच झाला, बेथलेहेम म्हणजे आपलं साओ साल्वादोर, नाझरेथ म्हणजे आपला न्सुंदी प्रांत, मरियम एका काँगो सरदाराची दासी होती. मला हे फार मोठं वाटतं. दोनशे वर्षं दुसऱ्यांच्या देशातला देव पुजलेल्या लोकांना एक पोर सांगत होती की अरे तो आपल्याच गावचा आहे. आपल्या विठोबाला आपण कुठनं आला विचारतो का, तो पंढरपूरचा. आणि ती क्रॉसलाही हात जोडू नका म्हणायची, कारण त्याच्यावर येशूला मारलं, मारायचं हत्यार कशाला पुजायचं. हे वाचलं आणि मी परत त्या पितळी क्रॉसचा फोटो उघडून बघितला. त्या कडेवर हात जोडून बसलेल्या माणसांकडं नंतर मला आधीसारखं बघताच आलं नाही.

ती पहिल्यांदा पेद्रोकडंच आली. बेर्नार्दो दा गाल्लो नावाच्या पाद्र्यानं तिची उलटतपासणी घेतली, चिडला, राजाला म्हणाला हिला शिक्षा कर. राजानं केली नाही. पण तिचं ऐकून उठलाही नाही. मग ती जुआँवकडं गेली, त्यानं हाकलून दिलं. मग ती राजाशिवायच निघाली. १७०४ सरत आलं असताना ती साओ साल्वादोरला पोचली, आणि तिच्या मागनं हजारोंनी माणसं आली. झाडोरा तोडला, खोपटी घातली, पडक्या चर्चमध्ये ती राहायला लागली. दोन राजे पंचवीस-तीस वर्षं जे करू शकले नाहीत ते एका पोरीनं काही महिन्यांत करून दाखवलं, शहर परत वसवलं.

एवढंच झालं असतं तर पेद्रोनं तिच्या पाठोपाठ खाली यायला काय हरकत होती, असं मी कितीदा तरी मनात म्हटलंय. पण किबेंगा आधीच जवळ येऊन बसलेला, तो तिला मिळाला. राजाचा सरदार, राजाची फौज, आणि आता लोकांची देवीपण त्याच्याकडं. म्हणजे शहर वसलं पण ते पेद्रोच्या हातातनं गेलं. तिचं स्वप्न आणि त्याचं बंड एकमेकांत असं मिसळलं की राजाला ते वेगळं करता आलं नाही, किंवा करायचं नव्हतं.

पुढं ती गरोदर राहिली. बार्रो म्हणून तिचा सोबती होता, त्याच्यापासून. संताला मूल कसं म्हणून लोकांना कळू नये यासाठी ती बाळंतपणाला गुपचूप आपल्या गावाकडं परत आली, किबांगूच्या जवळ. बाई बाळंतपणाला माहेरी जाते तशीच गेली. तिथं राजाच्या माणसांना सापडली, कडेवर तान्हं बाळ. १७०६ च्या २ जुलैला एवुलुलूला तिला आणि बाळाच्या बापाला जिवंत जाळलं. वय बावीस. राजाच्या तळावर, राजाच्या पंचांच्या निवाड्यानं, पाद्र्यांच्या आग्रहानं. दोन वर्षं ज्यानं तिला शिक्षा करायचं टाळलं त्याच्याच हुकमानं.

हे मी माफ करू शकत नाही. वाचलेलं सगळं समोर ठेवून, त्याच्या जागी बसून बघितलं, तरी नाही. लोक म्हणतील काळ तसा होता, युरोपातही जाळत होते, आणि पाद्र्यांचा पाठिंबा गेला असता तर बाहेरची मान्यता गेली असती. ते सगळं खरं आहे. पण पेद्रो थांबू शकणारा माणूस होता. त्याचा सगळा गुण तोच होता. दहा वर्षं जो डोंगरावर थांबला तो एका ओल्या बाळंतिणीसाठी अजून थोडा थांबला असता.

त्यानंतरही शहर लगेच त्याचं झालं नाही. तिची माणसं किबेंगाबरोबर तिथंच राहिली, तिचीच प्रार्थना म्हणत. शेवटी १५ फेब्रुवारी १७०९ ला पेद्रोची फौज शहरात घुसली, किबेंगा मारला गेला, आणि राजा राजधानीत राहायला आला. म्बुइलापासून मोजलं तर ४४ वर्षं. सापडलेले कैदी गुलाम म्हणून विकायचे हीच तिथली रीत झाली होती, सगळ्याच बाजूंची, किनाऱ्यावर इंग्रज, डच, फ्रेंच, पोर्तुगीज जहाजं उभीच असायची. लढाई कुणीही जिंको, हरलेला कुणबी जहाजात. घरच्या भांडणात बाहेरच्याचं दुकान कसं चालतं ते ह्याच्यापेक्षा उघडं कुठं बघायला मिळणार. १७३९ मध्ये अमेरिकेत साऊथ कॅरोलिनात गुलामांचं एक मोठं बंड झालं, स्टोनो नदीपाशी, आणि त्यात पुढं असलेले लोक काँगोचे होते असं इतिहासकार म्हणतात, ख्रिश्चन आणि लढाईत मुरलेले. आता मला कळतं ते मुरलेले कुठं होते.

आता पेद्रोची दुसरी बाजू, जिच्यामुळं तो मला सोडवत नाही. राजधानी मिळाल्यावर त्यानं दुसऱ्या घराण्यांचा काटा काढला नाही. उलट आपल्या मागनं गादी आपल्या पोराला न देता किंपांझु घराण्याकडं जाईल असं ठरवलं. आणि तसं झालंही. १७१८ च्या २१ फेब्रुवारीला तो मेला आणि किंपांझुंचा मानुएल दुसरा गादीवर आला, लढाई न होता. मानुएलनं १७४३ पर्यंत राज्य केलं, त्याच्यानंतर किन्लाझांचा गार्सिया चौथा. आळीपाळीनं. बुलात जुआँवचं वेगळं ठाणं राहिलं, सगळे प्रांत पूर्वीसारखे एका हुकमात आले नाहीत, हे खरं, पण पन्नास वर्षं ज्या गादीवर रक्त सांडत होतं ती निदान दोनदा शांततेत हातातनं हातात गेली. आपल्याकडं वारणेच्या तहानं मुलूख वाटून घेतला, त्यांनी पाळी वाटून घेतली. आमच्या भाऊबंदकीत दोन्ही बघितलंय मी, शेत मोजून हद्दीला दगड रोवणारे भाऊ पण आणि एकाच विहिरीवर पाण्याची पाळी लावणारे पण. पाळी लावायला जास्त विश्वास लागतो. रोज लागतो.

म्हणून म्हटलं पटत नाही आणि सुटत नाही. ज्या माणसानं आपल्या पोराचा हक्क सोडून शत्रूच्या घराण्याला गादी दिली त्याच माणसानं एका आईला जाळलं. शाळेत आम्हाला राजे एक तर शूर नाहीतर फितूर असे शिकवले, ह्याला कुठल्या वहीत लिहायचं?

मबांझा काँगो २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं जुन्या कॅथेड्रलच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत, छप्पर नाही, लोक त्याला कुलुंबिंबी म्हणतात. आणि 'याला न्कुवू' नावाचं एक जुनं झाड आहे, ज्याच्याखाली बसून राजा न्यायनिवाडा करायचा म्हणतात. फोटोत बघितलं तर आपल्याकडच्या पाराच्या झाडासारखंच वाटतं, खोड पिळवटलेलं, भोवती जागा झाडून स्वच्छ ठेवलेली.

मागच्या रविवारी मामाला बघायला गेलो होतो. पायाचं ऑपरेशन झालंय, खाटेवरच असतो, वय झालं. शेंगा फोडत बसलो होतो दोघं आणि मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, क्रॉसपासून. साताऱ्याची गादी कोल्हापूरची गादी हा विषय त्याच्या आवडीचा त्यामुळं डोंगरावरचा राजा, दोन म्हाताऱ्या राण्या, किबेंगाची फितुरी हे सगळं तो मान हलवत ऐकत होता, मधनंमधनं आपल्या धनाजी जाधवांचं उदाहरण देत होता. पोरीला जाळलं म्हटल्यावर त्याचा हात शेंगेवरच थांबला. मी पुढं १७०९, लढाई, गादीची पाळी वगैरे सांगत गेलो, पण त्याचं लक्ष नव्हतं तिकडं.

"आरं, मग त्या लेकराचं काय केलं?" त्यानं विचारलं.

म्हटलं, त्यालापण जाळणार होते मामा. लोरेंझो म्हणून एक पाद्री होता, त्यानं राजाकडं शब्द टाकला. राजानं ऐकलं. वाचलं ते.

मामा बराच वेळ खिडकीकडं बघत बसला. मग मामीला हाक मारली आणि म्हणाला, "चहा ठेव गं ह्याला, अंधार पडायच्या आत वारणा उतरून जाऊ दे."